टॉर्टियाच्या वाट्या आणि पाण्याचा हिशेब

अमेरिकेत फेब्रुवारी उजाडला की सुपर बोलच्या रविवारची तयारी सुरू होते. फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या फुटबॉलचा, अंतिम सामना टीव्हीवर पाहायला घरोघरी माणसं जमतात आणि चार-पाच तास एका हातात ग्लास धरून खात राहतात. ताट वाढून घेऊन चमच्याने जेवायचं असं त्या दिवशी कुणी करत नाही. जे काही खायचं ते दोन बोटांत मावणारं, एका घासात संपणारं. अशा पार्ट्यांतला एक हुकमी पदार्थ म्हणजे मफिनच्या ट्रेमध्ये भाजलेल्या टॉर्टियाच्या छोट्या वाट्या. दुकानातून आणलेली गव्हाची टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळी, गोल कापायची, ट्रेच्या खळग्यांत दाबायची, ओव्हनमध्ये भाजायची आणि आत राजमा किंवा काळे घेवडे, ग्वाकामोले म्हणजे घोटलेला अ‍ॅव्होकाडो, चीज, टोमॅटो असं काहीबाही भरायचं. कृती इथे संपते.

तरीही या वाट्या बिघडतात आणि बहुतेक तीनच तऱ्हांनी बिघडतात. दाबताना तडकतात. किंवा कडा करपून जातात आणि तळ मात्र चिवट राहतो. किंवा ओव्हनमधून काढताना झकास असतात आणि पाहुण्याच्या हातात जाईपर्यंत मऊ पडतात. कृती लिहिणारे या तक्रारींना तीन वेगळी उत्तरं देतात. खरं तर तिन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाणी. कधी ते कमी पडतं, कधी उरतं, कधी नको तेव्हा परत येतं.

आधी थोडं या वाटीच्या घराण्याविषयी. खाद्यपदार्थाचंच भांडं करायचं ही युक्ती मेक्सिकोत जुनी आहे, पण तिथली पद्धत वेगळी. ‘सोपेस’ नावाचा पदार्थ करताना मक्याच्या पिठाची जाडसर चानकी तव्यावर अर्धवट भाजतात आणि ती हाताला चटके देत असतानाच चिमटीने तिची कड सगळीकडून वर उचलतात. मग आत घेवडे, सालसा, चीज. गेरेरो राज्यातल्या चिलापा या गावच्या चालुपा तर खोलगट, तळलेल्या, कुरकुरीत वाट्याच असतात. या दोन्हींत आकार कच्च्या किंवा अर्धकच्च्या पिठाला दिला जातो. पीठ मऊ असतं, त्याला जिथे हवं तिथे दाबता-ढकलता येतं, घडी घालावी लागत नाही. शिळी टॉर्टिया तळून केलेला तोस्तादाही तिथलाच, पण तो सपाट.

तयार भाजलेल्या टॉर्टियाला साच्यात घालून आकार देणं हे प्रामुख्याने सीमेच्या उत्तरेकडचं, विसाव्या शतकातलं काम. न्यूयॉर्कमध्ये मेक्सिकन उपाहारगृह चालवणारे हुवेन्सिओ माल्दोनादो यांनी १९४७ साली टॉर्टिया दुमडलेल्या अवस्थेत धरून तळणाऱ्या साच्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५० साली त्यांना ते मिळालं. टॅकोचं आज जगभर मिळणारं कडक कवच त्याच वाटेवरचं. लॉस एंजेलिसमध्ये रेबेका वेब करान्सा यांच्या टॉर्टियाच्या कारखान्यात यंत्रातून वेड्यावाकड्या निघालेल्या टॉर्टिया फेकून द्याव्या लागत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्या त्रिकोणी कापून, तळून विकायला सुरुवात केली आणि टॉर्टिया चिप्सचा धंदा उभा राहिला. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथल्या ‘कासा दे फ्रितोस’ या उपाहारगृहात मक्याच्या कुरकुरीत कपात सारण भरून दिलं जाई. म्हणजे आपली वाटी ही मेक्सिकोची लेक असली तरी वाढली अमेरिकेत. मफिनचा ट्रे घराघरांत होता, टॉर्टिया किराण्याच्या दुकानात आली, आणि तळण्याऐवजी भाजण्याची हौस आली. या तिन्हींचा मेळ जमला.

मेक्सिकोची मूळ टॉर्टिया मक्याची. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापून पाहिली असेल तर ते पीठ किती अडेल असतं हे माहीत असेलच. मक्यात गव्हासारखं ग्लूटेन नाही. मेक्सिकोत मात्र मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवतात. त्याने दाण्यावरचं टरफल विरघळून चिकटसर होतं, स्टार्च थोडा फुगतो आणि वाटलेल्या पिठाचा गोळा धरून राहतो. याच प्रक्रियेने मक्यातलं अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही, आणि इटली-स्पेनमधल्या गरीब मकाखाऊंना पुढे पेलाग्रा रोगाने छळलं. पण चुन्याने सगळी तूट भरून निघत नाही. मक्याची टॉर्टिया गरम असताना दुमडते, निवली की घडीवर तडकते. कारखान्यांत मक्याच्या छोट्या वाट्या होतात त्या साच्यात धरून तळतात. घरच्या मफिन ट्रेसाठी मक्याची टॉर्टिया घेण्याचा मोह टाळावा. ग्लूटेन न चालणारा पाहुणा असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी अगदी छोट्या, ताज्या टॉर्टिया वाफवून घ्याव्यात आणि काही फुटतीलच असं धरून चालावं.

गहू सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणला आणि मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोरा-चिवावाच्या कोरड्या मुलखात तो रुजला. तिथल्या टॉर्टिया मैद्यासारख्या पांढऱ्या पिठाच्या, आणि त्यांत मोहन भरपूर. परंपरेने ते मोहन डुकराच्या चरबीचं. आज दुकानातल्या पाकिटात बहुधा वनस्पती तेल असतं, पण ‘लार्ड’ हा शब्द घटकांच्या यादीत अजूनही सापडतो. डब्यातल्या ‘रीफ्राइड बीन्स’मध्येही तो असू शकतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या पॉटलकला हा पदार्थ नेणाऱ्यांनी पाकीट उलटून एकदा वाचावं.

हे मोहन वाटीच्या दृष्टीने फार मोलाचं. ग्लूटेनच्या धाग्यांमध्ये तेलाचे कण शिरले की ते धागे लांबलचक आणि घट्ट होत नाहीत. म्हणून भाजलेली वाटी दाताखाली कुरकुरते, लाकडासारखी कडक होत नाही. आपली पोळी यासाठी वापरता येईल का, असा प्रश्न पडतोच. येते, पण फरक कळतो. आट्यातला कोंडा ग्लूटेनचे धागे कापत राहतो, त्यामुळे घडीवर ती लवकर फाटते. आणि मोहन कमी असल्याने सुकल्यावर ती खाखऱ्याच्या जातीची होते. खाखरा मुद्दाम पातळ लाटलेला असतो म्हणून बरा लागतो. जाडसर फुलक्याची वाटी मात्र टाळूला टोचते. घरीच करायचं असेल तर मैदा घ्यावा, वाटीभर मैद्याला दीड-दोन चमचे तेलाचं मोहन घालावं, चिमूटभर बेकिंग पावडर, मीठ, आणि कोमट पाण्याने मळून अर्धा तास झाकून ठेवावं.

आता पहिला पेच: तडकणं. टॉर्टिया भाजली जाते तेव्हा तिच्यातला स्टार्च पाणी पिऊन मऊ होतो. निवल्यावर तोच स्टार्च हळूहळू पुन्हा शिस्तीत, स्फटिकासारखा रचला जातो आणि पाण्याला बाजूला सारतो. शिळी पोळी कडक होते ती केवळ सुकल्यामुळे नाही, या फेररचनेमुळे. फ्रिजच्या तापमानाला हे काम सर्वांत झपाट्याने होतं. त्यामुळे फ्रिजमधून काढलेली टॉर्टिया थेट खळग्यात दाबली की ती कटकन चिरते, आणि दोष टॉर्टियाच्या ब्रँडला दिला जातो. उपाय उष्णतेचा. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चची ती शिस्त मोडते आणि टॉर्टिया पुन्हा लवचीक होते. तीन-चार टॉर्टिया ओलसर कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये २०-३० सेकंद ठेवाव्यात, किंवा तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम गरम करून लगेच कापडात झाकाव्यात. ओलसर हा शब्द इथे महत्त्वाचा. कोरड्या तव्यावर जास्त वेळ ठेवलेली टॉर्टिया गरम असते आणि तरी तडकते, कारण वाकण्यासाठी जे पाणी लागतं तेच उडून गेलेलं असतं. ही लवचीकता दोन-तीन मिनिटंच टिकते. म्हणून सगळ्या एकदम गरम करून ठेवू नयेत. चार गरम करा, कापा, दाबा, मग पुढच्या चार.

कापण्यात थोडी भूमिती आहे, आणि मला हा भाग फार आवडतो. अमेरिकेत मिळणारा मिनी मफिनचा ट्रे बहुधा २४ खळग्यांचा असतो. खळग्याचं तोंड साडेचार ते पाच सेंटिमीटर, खोली दोनच्या आसपास. नेहमीचा १२ खळग्यांचा ट्रे तोंडाला सात सेंटिमीटर. पार्टीला मिनीच घ्यावा. मोठी वाटी एका घासात जात नाही, दुसऱ्या घासाला फुटते आणि सारण गालिच्यावर पडतं. मिनीसाठी चकती साडेसहा सेंटिमीटरची लागते. आता २० सेंटिमीटरची टॉर्टिया घ्या. एक चकती बरोबर मध्यभागी आणि तिच्याभोवती सहा, अशा सात चकत्या तिच्यात बसतात, कारण एका वर्तुळाभोवती त्याच मापाची सहाच वर्तुळं नेमकी चिकटून बसतात आणि सगळ्यांना कवेत घेणारं वर्तुळ तिप्पट व्यासाचं असतं. साडेसहा त्रिक साडेएकोणीस. म्हणजे चार टॉर्टियांत २८ वाट्या; ट्रे भरून चार उरतात, त्या चाखायला. पहिली चकती मध्ये कापली तरच हे जमतं. कडेपासून सुरुवात केली की पाचवर अडतं. साडेसहा सेंटिमीटरचं गोल झाकण किंवा पुऱ्या पाडायची धारदार वाटी चालते. कातरण वाया घालवायचं कारण नाही. तेल-मीठ चोळून त्याच ओव्हनमध्ये भाजलं की चिप्स होतात.

चकती खळग्यात दाबली की तिची कड वर येते आणि तिला चुण्या पडतात. त्या टाळायचा प्रयत्न व्यर्थ आहे. साडेसहा सेंटिमीटरच्या चकतीचा परीघ भरतो सुमारे वीस सेंटिमीटर. खळग्याच्या तोंडाचा परीघ चौदा-पंधरा. मधले पाच-सहा सेंटिमीटर कुठेतरी जायलाच हवेत. सपाट चकती न ताणता, न फाडता खोलगट करता येत नाही. कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी वक्र पृष्ठभागांविषयी १८२७ साली जो सिद्धान्त मांडला त्याच्याच पोटातली ही गोष्ट, आणि पृथ्वीचा नकाशा कागदावर बिनचूक का काढता येत नाही याचं कारणही तेच. कच्चं पीठ ताणलं जातं, म्हणून चिलापाच्या वाटीला चुणी नसते. भाजलेली टॉर्टिया ताणली जात नाही, ती दुमडते.

प्रश्न एवढाच उरतो की चुण्या तिच्या मर्जीने पडू द्यायच्या की आपल्या. तिच्या मर्जीवर सोडलं तर एकाच बाजूला मोठी घडी पडते. जिथे घडी तिथे टॉर्टियाचे तीन थर एकावर एक, आणि त्या तीन थरांमधलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. म्हणून चार समान चुण्या पाडाव्यात. चकती खळग्यावर ठेवायची, चार दिशांना चार बोटांनी कड किंचित आत खेचायची आणि छोट्या बत्त्याच्या गोल टोकाने किंवा पेल्याच्या तळाने मध्यभाग खाली दाबायचा. वाटी चौपाकळी दिसते. दुसरी तऱ्हा म्हणजे कडेपासून आत दीड सेंटिमीटरच्या चार चिरा द्यायच्या आणि त्यांच्या कडा एकमेकींवर सरकवायच्या. याने थर तीनऐवजी दोनच होतात, पण पातळ सारण चिरेतून गळतं. तिसरी, आळशी माणसाची आणि मला वाटतं सर्वांत शहाणी: गोल कापायचंच नाही. २० सेंटिमीटरच्या टॉर्टियातून १४ सेंटिमीटरचा चौकोन सुरीने काढायचा, त्याचे सात-सात सेंटिमीटरचे चार तुकडे करायचे. चौकोनाचे कोपरे वर उभे राहतात, कडांच्या मध्यावर कापडच कमी असल्याने चुण्या लहान पडतात. वाट्या कमी होतात, पण मोडत नाहीत.

तेल दोन्ही बाजूंना लावावं, ब्रशने, अगदी पातळ. भाजलेल्या पदार्थात तेल नको असा आग्रह धरणाऱ्यांची वाटी पुठ्ठ्यासारखी लागते. टॉर्टिया आणि ट्रेचा पत्रा यांच्यात जागोजागी हवेची फट असते, आणि हवा उष्णता फार वाईट वाहते. तेल ती फट भरतं, उष्णता टॉर्टियापर्यंत सारखी पोचते, रंग ठिपक्याठिपक्यांनी न येता सलग येतो. तळलेल्या टॉर्टिया चिप्समध्ये वजनाच्या २० ते २५ टक्के तेल असू शकतं. ब्रशने लावलेलं त्याच्या आसपासही जात नाही. तेवढ्यावर समाधान मानावं. तळाला काट्याने दोन-तीन टोचे मारायला विसरू नये. टॉर्टिया ही शेवटी पोळीची जात. खालून वाफ कोंडली की ती टम्म फुगते आणि वाटीचा तळच वर येतो.

आता भाजणं, म्हणजे मुख्यतः पाणी हाकलणं. दुकानातल्या गव्हाच्या टॉर्टियात वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी असतं. साडेसहा सेंटिमीटरच्या चकतीचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिच्यात दीड ग्रॅम पाणी. वाटी खरोखर कुरकुरीत व्हायची तर यातलं जवळजवळ सगळं जायला हवं. दोन-चार टक्के उरलं तर चालतं. २४ वाट्यांचा हिशेब केला तर दोन मोठे चमचे भरून पाणी ओव्हनमध्ये वाफ होऊन सुटतं. ते बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तापमान वाढवून तो वेळ विकत घेता येत नाही.

कारण पातळ, उघडी कड आणि तीन थरांची घडी यांच्यात शर्यत लागलेली असते. कड आधी सुकते. सुकलेला भाग १०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. ओला भाग पाणी आहे तोवर तिथेच अडकून राहतो. सुमारे १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि शर्करा यांच्यात ती प्रसिद्ध अभिक्रिया वेग घेते, जिचं वर्णन लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. खरपूस रंग आणि वास तिचाच. ओव्हन २०० अंशांवर ठेवला की कड खरपुसाच्या पुढे जाऊन काळी पडते तेव्हा घडीतलं पाणी अजून निम्मंही गेलेलं नसतं. म्हणून १७० ते १८० अंश आणि मिनी वाट्यांना १० ते १२ मिनिटं, मोठ्यांना १४-१५, हे माप बरं. पंख्याच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा अंश कमी. गडद रंगाचा ट्रे चकचकीत ट्रेपेक्षा उष्णता जास्त शोषतो, तिथे दोन मिनिटं आधी डोकावावं. सिलिकॉनचे साचे या कामाला निरुपयोगी. ते उष्णता इतकी सावकाश पोचवतात की तळ शेवटपर्यंत पांढराच राहतो.

आपल्याकडच्या ओटीजीत आणखी एक अडचण: वरची सळई जवळ असते आणि वाटीच्या कडा थेट तिच्या तोंडी येतात. ट्रे सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावा, शक्य असेल तर फक्त खालची सळई चालू ठेवून सुरुवात करावी आणि शेवटची तीन मिनिटं वरची लावावी. मफिनचा ट्रे नसेल तर छोट्या स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून, त्यांना बाहेरून तेलाचा हात लावून, गरम टॉर्टियाची चकती वरून बसवावी. कटोरी चाटच्या वाट्या तळताना मैद्याची पारी वाटीला बाहेरून चिकटवतात तसंच, फक्त तळणाऐवजी ओव्हन. याचा एक फायदा असा की वाटीची बाहेरची बाजू पूर्ण उघडी असते, वाफ मोकळी सुटते. अमेरिकेत मोठ्या टॅको सॅलडच्या वाट्यांसाठी मफिनचा ट्रे पालथा घालून चार उंचवट्यांच्या मधल्या खोबणीत टॉर्टिया बसवतात, त्यातही मर्म हेच आहे.

बाहेर काढल्यावर वाटी दाबून पाहिली तर ती किंचित मऊ लागते आणि माणूस घाबरून ती परत आत ढकलतो. इथे धीर धरावा. स्टार्च आणि ग्लूटेनचं सुकलेलं जाळं गरम असताना रबरासारखं असतं. तापमान उतरलं की ते काचेसारखं ताठ होतं. शास्त्रज्ञ या अवस्थेला काचावस्थाच म्हणतात. हे जाळं कोणत्या तापमानाला ताठ होईल ते त्यात उरलेल्या पाण्यावर ठरतं: पाणी जितकं कमी तितकं लवकर. पाच मिनिटांनी निवल्यावरही वाटी वाकली तरच तिला आणखी भाजायची गरज आहे. निववायचं ते जाळीवर; ट्रेमध्येच ठेवलं तर खालची वाफ पत्र्यावर थंड होऊन तळाला पुन्हा भिजवते.

पाण्याचा परतीचा प्रवास असा लगेच सुरू होतो. पाच-सहा टक्के पाणी पुन्हा मुरलं की ती काच परत रबर होते, तेही घरच्या साध्या तापमानाला. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत वाट्या उघड्यावर दोन-तीन तास टिकतील. जुलैतल्या मुंबईत किंवा पणजीत अर्धा तासही नाही. पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात, तशा दोन-तीन दिवस छान राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. मऊ पडल्याच तर १५० अंशांवर पाच मिनिटं पुरतात, कारण आता हाकलायचं पाणी थोडंसंच असतं. मऊ पडलेली वाटी फेकून देणाऱ्यांना हे माहीत नसतं.

खरा शत्रू सारण. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, मिरची आणि लिंबू यांचा ‘पिको दे गायो’ हा मेक्सिकोचा कच्चा सालसा. टोमॅटोत ९० टक्क्यांहून जास्त पाणी, आणि मीठ पडलं की ते भराभर सुटतं. त्या पाण्याने वाटी दहा मिनिटांत बसते. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाकावा, फोडींना मीठ लावून चाळणीत वीस मिनिटं निथळू द्यावं, निथळलेलं पाणी डाळीला-सूपला वापरावं. मग थरांचा क्रम लावावा, आणि तो चवीपेक्षा पाण्याच्या दृष्टीने. तळाला स्निग्ध, घट्ट थर: किसलेलं चीज शेवटच्या दोन मिनिटांत वाटीत घालून वितळवलेलं, किंवा क्रीम चीज, किंवा घोटून कोरडे परतलेले घेवडे. चरबी पाण्याला अडवते. त्यावर ग्वाकामोले, आणि सगळ्यात वर टोमॅटो, चिमूटभरच. ग्वाकामोले काळवंडतं ते अ‍ॅव्होकाडोतल्या विकरामुळे, हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की. लिंबाचा रस त्याला मंदावतो आणि पृष्ठभागाला चिकटवून लावलेला प्लास्टिकचा कागद हवा तोडतो. अ‍ॅव्होकाडोची बी भांड्यात ठेवण्याचा तोडगा फक्त बीखालच्या भागापुरता चालतो.

खिमा किंवा अंडं घालून सारणासकट भाजायच्या कृतीही खूप आहेत. त्यांत वाटी आधी पाच-सहा मिनिटं रिकामी भाजून घेतल्याशिवाय सारण घालू नये. आधी न भाजलेल्या वाटीत ओलं सारण घालून भाजलं की कड कुरकुरीत आणि तळ उकडलेला, असं काहीतरी हाती येतं आणि ते कितीही चीज घालून झाकलं तरी झाकत नाही. गोड वाट्यांना हा त्रास कमी. तेलाऐवजी लोणी लावून, दालचिनी-साखर भुरभुरवून भाजलेल्या वाटीत टांगलेल्या चक्क्याचं घट्ट श्रीखंड फार छान बसतं, आणि पाणी आधीच कपड्यातून निघून गेलेलं असल्याने ती बराच वेळ टिकते. तयार, पातळ फळांचं दही मात्र नको.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की शिजवलेलं किंवा दुधाचं नाशवंत अन्न ४ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांहून जास्त ठेवू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. सुपर बोलचा सामना साडेतीन तासांच्या पुढे जातो, त्यामुळे भरलेल्या वाट्यांचं तबक सुरुवातीलाच मांडून मोकळं होणं दोन्ही अर्थांनी चूक: तासाभरात त्या मऊ, आणि उत्तरार्धात धोक्याच्या. तेव्हा वाट्या आदल्या दिवशी भाजून डब्यात ठेवा, सारणं सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि पाहुणे आल्यावर रिकाम्या वाट्यांचं तबक, तीन-चार छोटी भांडी आणि चमचे मांडून भरायचं काम सरळ त्यांच्यावर सोपवा.